मेजावरील गजराज

ज्या घराच्या अंगणांत दिवाळीचा मातीचा किल्ला कधीं उभा राहिला नाहीं, त्या घरांतील मुलांचें बालपण थोडें अळणी गेलें, असें म्हटल्यास महाराष्ट्रांत तरी कोणी रागावणार नाहीं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन पोरें घरीं येतात, तीं दप्तर टाकून थेट दगडविटांच्या शोधाला लागतात. गोणपाट भिजतें, चिखल कालवला जातो, बुरुज उभे राहतात, उतारावर अळीव व मोहरी पेरली जाते. आणि चार दिवसांत हिरवळ उगवली कीं कुंभाराकडून आणलेले मावळे आपापल्या जागीं पहाऱ्याला उभे राहतात. मावळा बुरुजाहून उंच, वाघ घोड्याहून थोर आणि गुहेंतला साधू या सर्वांहून लठ्ठ, असा तो कारभार असतो. पण मुलांच्या दृष्टीला त्यांत कांहींहि विसंगत दिसत नाहीं.

आमचें एकत्र कुटुंब हल्लीं वरसावे येथें राहतें. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता वसईच्या खाडीवरील पुलावर चढतो, त्याच्या अलीकडचें हें गांव. खाडीच्या याच कांठीं घोडबंदरचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनीं बांधला. जलमार्गानें येणाऱ्या घोड्यांचा व्यापार येथें चाले, म्हणून गांवास हें नांव पडलें, असें सांगतात. १७३७ सालीं चिमाजी आप्पांच्या साष्टीच्या मोहिमेंत तो मराठ्यांच्या हातीं आला. असा खरा किल्ला शेजारीं असून आमच्या मुलांना खोटा किल्ला करावयास मूठभर माती मिळत नाहीं, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. इमारतीच्या आवारांत सर्वत्र फरशी. आणि गच्चीवर चिखल नेऊं म्हटलें तर खालच्या मजल्यावरील मंडळींची छतें ओलीं होतात. त्यामुळें गेलीं कांहीं वर्षें आमच्या घरीं दिवाळीचा किल्ला झाला नव्हता, आणि मुलांच्या हातांत दगडविटांऐवजीं तळहाताएवढें यंत्र आलें होतें.

अशा घरांत गेल्या श्रावणांत एक खोकें आलें. आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सर्व मंडळी दादा म्हणतात, त्यांच्या मुलानें बढती मिळाल्याच्या आनंदांत तें परदेशांतून मागविलें होतें. आंत कागदाच्या कपच्यांमध्यें गुंडाळलेले फिक्या करड्या रंगाचे एकतीस तुकडे निघाले. कोठें पाय, कोठें अर्धें पोट, कोठें कानाची पाळी, कोठें बसलेल्या माणसाचा नुसता हात. आमच्या मातोश्रींनीं चष्मा सांवरून विचारलें, "अरे, हें मोडकें सामान कोणी पाठवलें रे तुला?"

"मोडकें नाहीं आजी, सुटें आहे. जोडलें कीं लढाईचा हत्ती होईल."

"आणि याला पैसे किती पडले?"

पुतण्यानें आंकडा सांगितला नाहीं, यावरूनच तो बराच मोठा असला पाहिजे हें सर्वांनीं ओळखलें. दादा एवढेंच म्हणाले, "इतक्या पैशांत शंभर मावळे आले असते," आणि वर्तमानपत्र घेऊन सज्जांत जाऊन बसले.

येथें दादांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. त्यांनीं सारा जन्म शाळेंत चित्रकला शिकविली. गांवच्या वाड्यांत दिवाळीचा किल्ला होत असे तो त्यांच्या हातचा, आणि त्यावरील मावळ्यांना ते पुन्हां स्वतः रंग देत. तीन वर्षांपूर्वीं मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, दृष्टि आली, पण हातांत सूक्ष्म कंप आला होता. तेव्हांपासून त्यांनीं रंगाची पेटी माळ्यावर ठेवून दिली होती. तो विषय कोणी काढीत नसे.

हा खेळ तरी कसला?

मेजावर सैन्य मांडून लढण्याच्या या खेळाचें मूळ आपल्याला दूर शोधावयास नको. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सेनेचीं चार अंगें, त्यांवरून चतुरंग, आणि चतुरंगापासून बुद्धिबळ. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें रचलेल्या 'मानसोल्लासा'तहि राजाच्या विनोदांमध्यें या खेळाला मानाचें स्थान आहे. परंतु बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाहीं, नदी नाहीं, पाऊस नाहीं. आणि प्याद्याला भीतीहि वाटत नाहीं. प्रशियांतील रायस्विट्झ नांवाच्या गृहस्थानें ही उणीव भरून काढण्यासाठीं १८१२ सालीं आपल्या राजाला खऱ्या भूमीसारखें उंचसखल मेज करून दिलें. आणि त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत अधिकारी होता, १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचे व्यवस्थित नियम छापले. पुढें प्रशियन सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत हा डाव रूढ झाला.

घरगुती खेळाचें स्वरूप त्याला आलें तें इंग्लंडांत. १८९३ सालीं ब्रिटन नांवाच्या कारखानदारानें आंतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्यास सुरुवात केली. ते हलके व स्वस्त झाल्यानें घरोघर पोंचले. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध कादंबरीकारानें १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' या नांवाचें छोटें पुस्तक लिहून त्यांत अशा शिपायांना घेऊन दिवाणखान्याच्या जमिनीवर लढण्याचे नियम दिले. लांकडाचे लहान तुकडे उडविणारी स्प्रिंगची तोफ हें त्यांतील मुख्य शस्त्र. खरें युद्ध किती मूर्खपणाचें व महागाचें असतें हें खेळांतल्या युद्धावरून कळावें, असाहि त्याचा अभिप्राय होता. पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, हा केवढा दैवदुर्विलास!

आज या खेळाचा व्यापार फार मोठा आहे. १९७५ सालीं निघालेल्या एका इंग्रज मंडळीनें, जिचें ठाणें पुढें नॉटिंगहॅम येथें गेलें, 'वॉरहॅमर' हा काल्पनिक सैन्यांचा खेळ १९८३ पासून जगभर नेला. साधा शिपाई बहुधा २८ मिलिमीटर उंचीचा. परंतु मधूनमधून एखादा राक्षस, एखादें अजस्र यंत्र किंवा हत्ती असा मोठा मोहरा असतो, आणि तो कित्येकदां राळेचा असतो. आमच्या घरीं आलेला हत्ती ५४ मिलिमीटर उंचीच्या माणसांना जुळेल अशा, म्हणजे खऱ्याच्या सुमारें बत्तिसाव्या हिश्शाच्या मापाचा होता. खांद्यापाशीं नऊ फूट उंच असा हत्ती या मापानें सुमारें साडेतीन इंच होतो. वर हौदा, माणूस व निशाण चढलें कीं वीतभर उंची सहज भरते.

राळ कां?

ही राळ झाडाच्या चिकाची नव्हे. दोन रासायनिक द्रव ठराविक प्रमाणांत मिसळले कीं कांहीं मिनिटांत तें मिश्रण उष्ण होऊन घट्ट होतें. तें घट्ट होण्यापूर्वीं रबरी सांच्यांत ओतावयाचें. ज्यांनीं पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत सांचा सोलून मूर्ति बाहेर काढतांना पाहिली असेल, त्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगावयास नको. सांचा रबराचा असल्यानें तो वाकतो, आणि म्हणून कानाच्या मागची खोबण किंवा झालरीच्या आंतली बाजू अशा अवघड जागाहि त्यांतून सुखरूप निघतात. प्लास्टिकच्या खेळण्यांसाठीं पोलादी सांचा लागतो. त्याला इतका खर्च येतो कीं हजारों नग खपल्याशिवाय तो भरून निघत नाहीं. उलट रबरी सांचा एखाद्या खोलींतहि करतां येतो. मात्र तो थोड्याच ओतकामांत झिजतो. मोठे, थोडे खपणारे व नाजूक कोरीव असे नग राळेचे कां असतात, याचें इंगित हें आहे.

राळेचे दोषहि सांगितले पाहिजेत. मिश्रणांत हवा राहिली कीं तुकड्यांत फुगे राहतात. आमच्या हत्तीचा डावा सुळा अशाच एका फुग्यानें मधोमध पोकळ होऊन तुटला होता. विक्रेत्याला पत्र गेलें, उत्तर आलें नाहीं. मातोश्री म्हणाल्या, "एकदंतच राहूं दे, शुभ असतो." घरांत हंशा पिकला, पण पुतण्याचा चेहरा उतरला होता तो उतरलाच. पांचसहा दिवसांनीं सकाळीं पाहतों तों मेजावर एका पितळी तारेवर दोन भागांच्या लुकणाचा नवा सुळा वाळत पडला होता. उजव्या सुळ्याचें वळण त्यांत तंतोतंत उतरलें होतें. कोणीं केला हें कोणी विचारलें नाहीं. दादा नेहमींप्रमाणें सज्जांत वर्तमानपत्र वाचीत होते.

जोडकाम

ज्यांना असें काम करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं पायऱ्या क्रमानें सांगतों. प्रथम सर्व तुकडे यादीशीं ताडून पाहावे. मग ते कोमट पाण्यांत साबण घालून जुन्या दांतघासणीनें धुवावे. कारण तुकडा सुटावा म्हणून सांच्याला जें तेलकट द्रव्य लावतात, तें अंगावर राहिल्यास पुढें रंग पापुद्र्यासारखा निघतो. एखादा लांब भाग, उदाहरणार्थ निशाणाची काठी, वांकडी झालेली असल्यास तीस कढत पाण्यांत क्षणभर धरावें. ती मऊ पडते. सरळ करून लगेच गार पाण्यांत बुडविली कीं तशीच राहते. ओतकामाचे राहिलेले दांडे बारीक करवतीनें कापावे. चिमट्यानें तोडूं नयेत, कारण राळ ठिसूळ असते आणि दांड्याबरोबर अंगाचा टवकाहि जातो.

यानंतर घासण्याचें काम. आणि येथें आमच्या हातून एक चूक झाली ती लपवीत नाहीं. बाहेर पाऊस होता म्हणून खिडक्या लावून आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं, वय वर्षें दहा, कांचकागदानें पोटाचा सांधा कोरडाच घासला. दोन तास पांढरी धूळ खोलीभर उडत होती. रात्रीं त्याला असा खोकला लागला कीं घरांतील सर्व मंडळी जागी राहिली. डॉक्टरांनीं तपासून काळजी नाहीं म्हणून सांगितलें, परंतु आम्हांला बोलणीं खावीं लागलीं तीं योग्यच होतीं. घट्ट झालेली राळ हातांत धरण्यास अपाय नाहीं. पण तिची बारीक धूळ फुप्फुसांत जाणें वाईट. कांचकागद व तुकडा दोन्ही पाण्यांत भिजवून घासावे, नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखपट बांधावा, खिडकी उघडी ठेवावी, आणि हें काम मुलांना एकट्यानें करूं देऊं नये. ज्यांना घरींच राळ ओतावयाची हौस असेल त्यांनीं तर दुप्पट जपावें. त्या दोन द्रवांपैकीं एकाची वाफ दम्यासारखे विकार उत्पन्न करते. शिवाय पावसाळ्यांत तो द्रव हवेंतील ओल शोषून घेतो व सारें ओतकाम फुग्यांनीं भरून जातें. खाडीकांठच्या आमच्यासारख्या गांवीं हा उद्योग दिवाळीनंतरच करावा.

जोडण्यासाठीं दोन प्रकारचे डिंक लागतात. झटपट चिकटणारा डिंक हवेंतील ओलाव्यानेंच घट्ट होतो, म्हणून वरसाव्याच्या श्रावणांत तो जरूरीपेक्षां अधिक तत्पर असतो; बोटें चिकटल्याचे प्रसंग घरांत तीन वेळां झाले. परंतु धक्क्याला तो टिकत नाहीं. हत्तीच्या पायांसारखे वजन पेलणारे सांधे दोन नळ्यांतील द्रव्यें मिसळून होणाऱ्या डिंकानें जोडावे, आणि त्याआधीं दोन्ही तुकड्यांना भोंकें पाडून मधून पितळी तारेची खुंटी घालावी. सुतार दोन फळ्यांत कुसूं घालतो, त्यांतलाच हा प्रकार. राहिलेल्या फटी लुकणानें बुजवाव्या. आणि लुकण ओलें असतांनाच सुईच्या टोंकानें त्यावर कातडीच्या सुरकुत्या ओढाव्या, म्हणजे सांधा दिसत नाहीं.

जोडलेला हत्ती म्हटला कीं आम्हांला मुंबईच्या जिजामाता उद्यानांतील हत्ती आठवतो. घारापुरीच्या बेटावरचा हा दगडी हत्ती; त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं बेटाला एलिफंटा असें नांव दिलें. १८६४ सालीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां यारीचा भार न सोसून तो खालीं कोसळला व त्याचे तुकडे झाले. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ते तुकडे जोडून तो पुन्हां उभा करण्यांत आला. आम्हीं मुलांना मुद्दाम तेथें नेऊन ते सांधे दाखविले. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत मातीच्या लहान लहान मूर्तींतून जुन्या मुंबईंतील लोकांचे पेहराव व धंदे दाखविले आहेत, तेहि पाहिले. लहान मूर्ति हें नुसतें खेळणें नव्हे, तो काळाचा पुरावाहि होऊं शकतो, हें मुलांना त्या दिवशीं उमगलें असावें.

रंग

रंगाआधीं अस्तर द्यावें लागतें. तें आम्हीं भाद्रपदांत, सरी ओसरल्याशा पाहून गच्चीवर फवारलें. आणि हत्तीच्या अंगावर भस्म फांसल्यासारखी खरखरीत पांढरी साय आली. दमट हवेंत फवाऱ्याचें असेंच होतें. सारें ओल्या कांचकागदानें घासून काढून नवरात्रांतील एका कोरड्या दुपारीं पुन्हां दिलें, तेव्हां तें नीट बसलें. घाईचा दंड पंधरा दिवसांचा झाला.

आतां रंग कोणता द्यावयाचा? पुतण्यानें बाटलींतला करडा रंग काढला. तेवढ्यांत सज्जांतून आवाज आला, "तो रंग पत्र्याचा आहे, हत्तीचा नव्हे." दादा उठून आले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनीं प्रथम शरीररचना तपासली. आपल्याकडील हत्तीचे कान आफ्रिकेंतल्या हत्तीपेक्षां लहान, मस्तकावर दोन उंचवटे, पाठ कमानीसारखी वर आलेली, आणि सोंडेच्या टोंकाला एकच बोट; आफ्रिकेच्या हत्तीला दोन असतात. कारागिरानें मस्तक व पाठ बरोबर केली होती, पण कान थोडे मोठे होते. "घास," दादा म्हणाले. आणि पुतण्यानें मुकाट्यानें कानांच्या कडा घासल्या. मागील पायाला बहुधा चार नखें व पुढच्याला पांच, हेंहि त्यांनीं मोजून घेतलें.

मग रंगाचें मिश्रण. काळा व पांढरा एवढ्यानें हत्ती होत नाहीं. त्यांत भाजलेल्या मातीचा तांबूस आणि किंचित् निळा मिळवावा लागतो. पाण्यांत कालवलेले दोन पातळ हात एका जाड हातापेक्षां नेहमीं बरे. मूळ रंग वाळल्यावर फार पातळ केलेला काळसर तपकिरी रंग सर्वांगावर सोडावा. तो आपोआप सुरकुत्यांत उतरतो. तो सुकला कीं कुंचला फिकट रंगांत बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करावा व उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. इतकें केलें कीं कातडी जिवंत दिसूं लागते. वयस्क हत्तीच्या कानांच्या कडांवर, कपाळावर व सोंडेवर गुलाबी ठिपके पडतात. ते विसरूं नयेत. झूल तांबडी, तिच्यावर पिवळसर किनार. सोन्याचा चकचकीत रंग जपून, नाहींतर लग्नांतला बँडवाला होतो. छत असलेली ती अंबारी व उघडा तो हौदा, हा भेदहि त्या दिवशीं मुलांना कळला.

डोळा शेवटीं. पेणचे कारागीरहि आखणी शेवटींच करतात, आणि ती घरांतल्या सर्वांत सिद्ध हाताकडे असते. पुतण्यानें दोनदां प्रयत्न केला. एकदां हत्ती रागावलेला दिसला, दुसऱ्यांदा निजलेला. तो कांहीं न बोलतां माळ्यावर चढला, रंगाची जुनी पेटी खालीं आणली आणि वडिलांपुढें ठेवली. "बाबा, हें मला जमत नाहीं."

दादांनीं आपले हात पाहिले. "आणि मला कसें जमेल?"

"तुम्हींच आम्हांला सांगत होतां, मनगट टेंकवावें म्हणून."

दोन्ही कोंपरें मेजावर, दोन्ही मनगटें एकमेकांना टेंकलेलीं, श्वास सोडून झाल्यावर एकच स्पर्श. अशी ती रीत आहे. हाताचा कंप कुंचल्याच्या टोंकापर्यंत पोंचूं नये म्हणून हत्तीच पुतण्यानें वडिलांच्या हाताला टेंकवून धरला. आधीं तपकिरी ठिपका, मग काळा, आणि शेवटीं सुईच्या अग्राएवढा पांढरा. एका डोळ्याला पाऊण तास लागला. दुसरा डोळा दादांनीं दुसऱ्या दिवशींसाठीं ठेवला. आणि तो कोणी आठवण न करतां सकाळीं चहाआधींच झाला.

हौद्यांत कोण?

मुलांची इच्छा अशी कीं हा हत्ती पुठ्ठ्याच्या घोडबंदर किल्ल्यापुढें उभा करावा. दादांनीं स्पष्ट नकार दिला. "साष्टी आणि वसईचें युद्ध हें खाडीचें, होड्यांचें, मोर्चांचें व सुरुंगांचें. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली ती सुरुंगांनीं बुरुज उडाले म्हणून. चिखलांत हत्ती नेऊन त्याचें करतां काय? तुमचा हत्ती पानिपतावर शोभेल." इतिहास सोयीप्रमाणें वांकवूं नये, हा त्यांचा जुना आग्रह; आणि मुलांनीं तो मानला.

पानिपत ठरल्यावर हौद्यांत सदाशिवरावभाऊ बसणार हें ओघानेंच आलें. पण मग तिढा पडला. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामा हौदा पाहून फौजेचा धीर खचला, असें त्या दिवसाच्या हकीकतींत सांगतात. १६५८ सालीं सामूगढच्या लढाईंत दारा शुकोह हत्तीवरून उतरला तेव्हांहि त्याच्या सैन्याची अशीच समजूत झाली. मग माणूस चिकटवावा कीं सुटा ठेवावा? पुतण्यानें हौद्याच्या तळाशीं व माणसाच्या बैठकीखालीं डाळीच्या दाण्याएवढीं लोहचुंबकें बसविलीं, म्हणजे माणूस पाहिजे तेव्हां काढतां येईल. पहिल्यांदा एक चुंबक उलटें बसलें आणि भाऊसाहेब हौद्यांत टेंकेनातच. तें उकरून पुन्हां बसवावें लागलें.

पाडव्याच्या दुपारीं फराळानंतर डाव मांडला. जेवणाच्या मेजावर तपकिरी कापड, पुस्तकांचे उंचवटे, शिपाई बहुतेक पुठ्ठ्याचे, आणि मधोमध गजराज. प्रत्येक तुकडीनें किती इंच चालावें हें पट्टीनें मोजावयाचें, मारा लागला कीं नाहीं हें फांशानें ठरवावयाचें. धाकटे चिरंजीव मराठ्यांच्या बाजूनें, पुतण्या अब्दालीच्या. नियम असा होता कीं सेनापति घोड्यावर आला तर त्याच्याभोंवतीं लढणाऱ्यांना बळ मिळावें. परंतु हौदा रिकामा दिसतांच जवळच्या प्रत्येक तुकडीनें धीराची परीक्षा म्हणून फांसा टाकावा.

तिसरा प्रहर होईतों मराठ्यांची मधली फळी खिळखिळी झाली. चिरंजीवांनीं बराच वेळ विचार केला आणि भाऊसाहेबांना उचलून घोड्यावर ठेवलें. मेजाभोंवतीं कोणी बोललें नाहीं. मग फांसे पडूं लागले. एक तुकडी मागें फिरली, दुसरी फिरली, आणि तीन फेऱ्यांत सारें संपलें. हरल्यावर पट उधळून देणें हा आमच्या चिरंजीवांचा नित्याचा क्रम असल्यानें सर्वांचे हात हत्ती सांवरण्यासाठीं पुढें झाले. पण त्यानें कांहींच केलें नाहीं. तो त्या उभ्या हत्तीकडे पाहत राहिला व म्हणाला, "मोठे काका, हत्ती तर तसाच उभा होता. भाऊसाहेब पण जिवंत होते. मग सगळे कां पळाले?"

दादांनीं फांसा त्याच्या हातून घेतला आणि बोलूं लागले. धीर म्हणजे काय, लोक कोणाकडे पाहून उभे राहतात, विश्वासरावांच्या पडण्यानें भाऊसाहेबांना काय वाटलें असेल, आपण त्या जागीं असतों तर उतरलों असतों कीं नाहीं. असें तें बोलणें दिवेलागणीपर्यंत चाललें. त्यांत पुतण्यानेंहि दोनदां वडिलांना विरोध केला, आणि दादांनीं तो ऐकून घेतला. मातोश्रींनीं शेवटीं हत्तीसमोर एक पणती ठेवली व मेज जेवणासाठीं मोकळें करावयास सांगितलें.

या छंदाला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि लढाईच्या खेळानें मुलें कठोर होतील कीं काय, अशी शंकाहि कित्येकांना येईल. आमचा अनुभव इतकाच कीं सुरकुत्या रंगविण्यांत ज्याचे दोन महिने गेले, तो मुलगा मोडतोड करण्यास सहजासहजीं धजत नाहीं. परदेशी मोहराच पाहिजे असेंहि नाहीं. शाडूचा हत्ती करून तोहि याच रीतीनें रंगवितां येईल, आणि माती मिळेल तेथें तो करणेंच उत्तम.

हत्ती आतां कांचेच्या कपाटांत आहे. रंगाची पेटी मात्र माळ्यावर परत गेली नाहीं. दादांच्या खुर्चीजवळच्या खिडकींत ती असते. येत्या दिवाळीसाठीं त्यांनीं घोडबंदरच्या बुरुजाचें मापानें चित्र काढावयास घेतलें आहे, आणि रविवारीं सकाळीं काकापुतण्ये दोघेहि पट्टी, दोरी व पाण्याची बाटली घेऊन किल्ल्यावर मापें घ्यावयास जातात.